थांबाईवरचा आळ

शनिवार पेठ, पुणे
२५ ऑक्टोबर २०२५

चि. अभय,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहीत नाही.

पाडव्याला तू आलास. फराळाचं ताट समोर असताना मोबाईल माझ्या नाकापुढे धरलास आणि म्हणालास, "काका, बघा, तुमची थांबाई आता आमच्या गेममधून जगभर जाणार!" मी बघितलं. लाल डोळे, सुळे, ओले केस आणि पाण्याखालून पोरांचे पाय ओढणारे हात. मी ताटावरून उठलो आणि ओंकारेश्वराच्या देवळात जाऊन बसलो. तुला वाटलं, काकांचं पोट बिघडलं. तुझ्या आईने तर दुसऱ्या दिवशी ओवा पाठवला.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो काका, बघतो काका" म्हणतोस आणि तिकडे बोटं दुसरंच काही बडवत असतात. कागद तुला दोन्ही हातांनी धरावा लागेल.

आपलं गाव, पाणकोंड, सोडलं तेव्हा तू सात वर्षांचा होतास. विसरला असशील, म्हणून पुन्हा सांगतो. मूळपाण्याला आठ लेकी झाल्या. सात जणींना कामं वाटून दिली. भरती, ओहोटी, लाट, फेस, खार, धुकं आणि उधाण. आठवीची पाळी आली तेव्हा काम शिल्लक नव्हतं. ती बापाच्या दारात नुसती उभी राहिली. तेवढ्यात थोरल्या दोघींचं भांडण लागलं. भरती म्हणे आत, ओहोटी म्हणे बाहेर. ही धाकटी मध्ये शिरली आणि दोघींच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "थांबा." दोघी थांबल्या. एक पान चघळून होईल एवढा वेळ. तेव्हापासून तेच तिचं काम झालं. पाणी उतरून संपलं आहे आणि चढायला लागलेलं नाही, तेवढा वेळ समुद्र धरून ठेवायचा. त्या वेळात माणसाने खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढावीत आणि परत यावं.

तिला मूर्ती नाही, कारण तिला चेहरा नाही. खडकावरच्या माणसाने हातातल्या कामाकडे बघायचं असतं, तिच्याकडे नाही. चुना न लावलेलं एक पान एवढाच तिचा मान. देवांच्या पंगतीत ती अगदी शेवटच्या पाटावर बसेल, कदाचित पाटही मिळणार नाही. पण तिने कधी कुणाचा पाय ओढला नाही. ती सोडवणारी आहे.

अशा गरीब देवतेला तू राक्षसीण केलंस. मोठ्या देवाला हात लावायची छाती नव्हती, कारण त्याची माणसं दगड घेऊन आली असती. हिच्यामागे कोण आहे? मी आहे. तो खेळ बाजारात जाण्याआधी तिला त्यातून काढ.

तुझा काका,
सीताराम

*

वाघोली
३० ऑक्टोबर

काका, नमस्कार.

पाच दिवस तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर छापून पाठवतोय. शुद्धलेखन तपासून परत पाठवू नका.

एक डिसेंबरला लाँच आहे. थांबाई सातव्या लेव्हलची बॉस आहे, म्हणजे सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात अवघड. तिला काढलं तर गेमला शेवटच राहत नाही. आमच्या टीमला कुठेही न वापरलेलं, आपल्या मातीतलं कॅरेक्टर हवं होतं. थांबाईला गुगल केलं तर एक रिझल्ट येत नाही. ती कुठल्या पोथीत नाही, कुठल्या पुराणात नाही. या जगात ती एका गावाला माहीत होती आणि त्या गावानेही तिला सोडून दिलंय, हे तुम्हीच मला सांगितलंय. मग मी कोणाच्या भावना दुखावल्या? एका माणसाच्या. त्याचं वाईट वाटतं. पण एका माणसासाठी अकरा जणांचं दोन वर्षांचं काम कोणी फेकून देत नाही.

आता तुमचं ते "कधी कुणाचा पाय ओढला नाही." काका, हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबला नाही?

त्या दिवशी पाणकोंडला मी ओटीवर बसलो होतो. तुम्ही आलात ते डोक्यापासून पायापर्यंत ओले. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलात, माझे दोन्ही खांदे धरलेत आणि म्हणालात, "अभय, थांबाईने बाबाला नेलं." बाबांचा चेहरा मला नीट आठवत नाही. हे वाक्य आठवतं. तुमच्या केसांतून माझ्या गुडघ्यावर पाणी गळत होतं, तेही आठवतं.

मी तेच काढलंय. लाल डोळे तेवढे माझे. बाकी सगळं तुमचं.

अभय

*

शनिवार पेठ
३ नोव्हेंबर

चि. अभय,

सात वर्षांच्या पोराला काय सांगायचं असतं, हे तुला पोर होईल तेव्हा कळेल. त्या वेळी तोंडातून जे निघालं ते निघालं. बुडत्या घरात माणूस शब्द निवडत बसत नाही. त्या एका वाक्याचा आधार घेऊन तू देवतेला सुळे लावणार असशील, तर शिक्षण फुकट गेलं म्हणायचं.

मी छापखान्यात बावीस वर्षं पंचांगाची प्रुफं वाचतो. माझ्या हातून आजवर एक तिथी चुकून बाहेर गेलेली नाही. का इतकं जपतो? मालक म्हणतात, "सीतारामपंत, एवढं कोण बघतंय?" मी म्हणतो, बघणारा असतो. एक तिथी चुकली की कोणाचं तरी श्राद्ध चुकतं आणि चुकल्याचं त्याला कळतही नाही. चुकीचं छापून जाणं हे पाप आहे. तू चूक छापतो आहेस, आणि तीही जगभर.

एका माणसाची भावना म्हणतोस. देवाला माणसं मोजून देवपण मिळत नाही. एकही माणूस नसला तरी ती रोज दोन वेळा समुद्र धरते. तू एक तास तरी काही धरून दाखव.

पत्राने काम होणार नाही असं दिसतं. शुक्रवारी मी खराडीला तुझ्या कचेरीत येतो. तुझे वरिष्ठ कोण असतील त्यांच्याशी बोलेन.

सीताराम

*

वाघोली
८ नोव्हेंबर

काका,

तुम्ही खरंच आलात. मला वाटलं होतं, धमकी आहे.

खाली सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "किससे मिलना है, अंकल?" तुम्ही त्याला म्हणालात, "जो देवी विकतो त्याला." त्याने रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे तसं लिहून ठेवलं नाही, हे माझं नशीब. मग तुम्ही गळ्यात व्हिजिटर पास घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, दोन तास रिसेप्शनला बसलात. आमची टीम लीड नम्रता स्वतः खाली आली. बिचारीने आधी विचारलं, "काका, पाणी घेता?" तुम्ही म्हणालात, "पाण्याचं नाव तुम्ही काढू नका."

तरी ती बसून राहिली. म्हणाली, "तुम्हाला लाल डोळे आवडले नसतील, तर हिरवे करू का?"

"तिला डोळेच नाहीत!"

"ओके, मग ब्लाइंड दाखवू या. अजून स्केअरी होईल."

तुम्ही उभे राहिलात आणि अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल असं ओरडलात, "तुमच्या आजीला असे सुळे लावाल का?" त्यानंतर लिफ्टपाशी उभी असलेली पोरं हसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर "आजीला सुळे" हा जोक झाला. ते मला हसले नाहीत, काका. तुम्हाला हसले. ते मला सहन झालं नाही, आणि सहन झालं नाही याचा मला जास्त राग आला. मी तुमच्यासाठी भांडलो आणि तुमच्यामुळे भांडलो, दोन्ही एकाच दिवशी.

एवढं करूनही तुम्ही माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत. मला प्रवचन नको. थांबाईने बाबांना नेलं की नाही नेलं? नेलं असेल, तर मी काढलंय ते खरं आहे, ते राहील. नेलं नसेल, तर बाबा कसे गेले ते सांगा. मधलं काही चालणार नाही.

आईने गेम बघितलाय. तिला काय वाटतं ते ती वेगळं लिहिणार आहे म्हणते.

अभय

*

वाघोली
१० नोव्हेंबर

भाऊजींना यमुनेचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, सातवीनंतर कोणाला लिहिलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही आम्हाला पुण्याला आणलंत. दोन खोल्यांतली मोठी आम्हाला दिलीत. अभयला शाळेत घातलंत, स्वतः लग्न केलं नाहीत. लोक काय काय बोलले, तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. हे मी कधी विसरणार नाही. पण यात तुम्ही पडू नका.

अभयने मला तो खेळ शिकवला. कुठलं बोट कुठं दाबायचं ते. आधी दोनदा मीच बुडाले. तिसऱ्या वेळी ती वर आली, तोंड उघडून, आणि मी भाला मारला. ती पाण्यात विरघळून गेली. भाऊजी, मी मोबाईल ठेवला आणि रडले. त्या दिवशी मला झोप लागली. अशी झोप हे गेल्यापासून लागली नव्हती. आता रोज एकदा खेळते. रोज मारते.

ह्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं? कधी पान चुकवलं नाही. तापात असले तरी माझ्याकडून पाठवायचे. तिने त्यांना मध्येच सोडलं, असं तुम्हीच येऊन सांगितलंत. तेव्हापासून दर अमावास्येला मी तिला शिव्या घालते. घरातल्या देवांसमोर बसून घालते, देवांनीही ऐकावं म्हणून.

आणि आता तुम्ही तिची बाजू घेऊन माझ्या मुलाच्या कचेरीत जाता. तुमचा सख्खा भाऊ गेला हो. तो जवळचा की ती?

यमुना

*

शनिवार पेठ
१३ नोव्हेंबर

वहिनी आणि अभय,

हे पत्र दोघांना आहे. अभयने मोठ्याने वाचावं.

वहिनींचं पत्र आलं तेव्हा मी कामावर होतो. वाचून झाल्यावर पुढ्यातला कागद मला दिसेना. मालकांना सांगून घरी आलो. दोन दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आता सरळ लिहितो.

थांबाईने दादाला नेलं नाही. मध्येच सोडलंही नाही. तिने तिच्या वेळेपुरतं पाणी धरलं होतं. चूक माझी होती.

खडकावर कोणी गेलं की किनाऱ्यावर एकाने उभं राहायचं, ही आपल्या गावची रीत. त्याला हाक्या म्हणत. थांबाईची वेळ संपली की त्याने "सुटली" अशी हाक द्यायची. खडकावरचा माणूस समुद्राकडच्या अंगाला वाकून कालवं काढत असतो. पाठीमागे, खडक आणि किनाऱ्यामधला चर कधी भरू लागतो, ते त्याला दिसत नाही. तो हाकेच्या भरवशावर असतो. हाक आली की हातातलं टाकून निघायचं. हाक येईपर्यंत निघायचं नाही, कारण ती वेळ थांबाईची. ती अर्धी टाकून उठणं म्हणजे तिचा अपमान. दादा हे फार पाळायचा.

त्या दिवशी हाक्या मी होतो.

ओहोटीची वेळ मी काढून दिली होती. घरात बारावी झालेला मी एकटा, त्यामुळे हिशोब माझ्याकडे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. माघ महिना, अमावास्या होऊन गेलेली. काल द्वितीया होती म्हणजे आज तृतीया, असं मी बोटांवर मोजलं. तृतीयेची ओहोटी सव्वाआठला. दादाने विचारलं, "किती वेळ आहे रे?" मी म्हणालो, "नऊपर्यंत बिनघोर."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी मान वर केली नाही. त्या महिन्यात द्वितीया दोन दिवस होती. कधीकधी एक तिथी दोन सूर्योदय घेते. म्हणजे त्या दिवशीही द्वितीयाच. ओहोटी साडेसातला होऊन गेली होती. मी पाऊण तास पुढे होतो.

एवढ्यावर भागलं असतं. हाक्या जागेवर असता तर त्याला पाणी दिसलं असतं. पण मी जागेवर नव्हतो. पुण्याच्या या छापखान्याचं नोकरीचं पत्र आलं होतं आणि होकार त्याच दिवशीच्या टपालाने जायला हवा होता. नऊपर्यंत वेळ आहे, असं मीच म्हणालो होतो ना? मग मी पोस्टात गेलो. तिथे मास्तरांशी पुण्याच्या गप्पा मारल्या. नवाला पाच कमी असताना परत आलो, अगदी वेळेवर, अशा समाधानात.

चर भरला होता आणि त्याला ओढ लागली होती. दादा खडकावर उभा होता, माझ्याकडे तोंड करून. त्याला पाणी दिसलं होतं. तो निघाला नव्हता, कारण हाक आली नव्हती. मी ओरडलो तेव्हा त्याने उडी घेतली. तो पोहणारा होता, पण कमरेला कालवांची भरलेली झोळी होती. ती सोडायला त्याने हात खाली नेलेला मी पाहिला. मी आत शिरलो. दोनदा त्याच्या बाहीला हात लागला.

ओला होऊन ओटीवर आलो आणि अभयसमोर बसलो, तेव्हा खरं बोलायचं म्हणूनच बसलो होतो. तोंडातून दुसरं निघालं. मग अंगणात माणसं जमली, त्यांनी विचारलं, तेव्हा तेच पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिला चेहरा नाही, आवाज नाही, तिच्या बाजूने भांडायला कोणी येणार नव्हतं. गावाने मला धीर दिला. आणि तिचं पान बंद केलं.

अभय, मोठ्या देवाला हात लावायची छाती नव्हती, असं मी तुला लिहिलं. ते मी माझ्याबद्दल लिहिलं होतं.

मला क्षमा मागायची नाही. मागायला तोंड नाही. तिच्यावरचा आळ तेवढा काढा.

सीताराम

*

वाघोली
१९ नोव्हेंबर

पत्र आईला वाचून दाखवलं. मोठ्याने, तुम्ही सांगितलं तसं. "दोनदा त्याच्या बाहीला हात लागला" इथे मी कागद खाली ठेवला. आई म्हणाली, "पुढे वाच."

दोन दिवस ती घरातली कामं करत राहिली. कुकर लावला, कपडे वाळत घातले. तिसऱ्या दिवशी मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, "यातून तो खेळ काढ. बावीस वर्षं मी भलत्याच बाईला शिव्या घातल्या. आता मारतही होते."

चूक झाली, हे मी एक वेळ समजू शकतो. सत्तावीस वर्षांचे होतात. आज मी तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि माझ्याही कोडमध्ये रोज चुका निघतात. माणूस घाईत मोजतो, चुकतो. पण त्यानंतर आठ हजार दिवस होते, काका. त्यातला एकही सापडला नाही? तुम्ही माझा डबा भरत होतात, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसत होतात. मला वाटायचं, बाबा नसले तरी काका आहेत. आता प्रत्येक गोष्ट परत काढून बघतोय. तो डबा प्रेमाने भरलेला होता की भीतीने? माझ्याकडे जे काही चांगलं होतं, त्या सगळ्याला तुम्ही संशय लावून ठेवलात.

आणि खराडीला येऊन माझ्यावर ओरडलात. माझ्यावर!

आईचा निरोप. शब्द तिचे आहेत: "भाऊजींना सांग, कागदावर लिहून चालणार नाही. आळ गावासमोर तोंडाने घातला, तो गावासमोर तोंडाने काढा. मगच माझ्या दारात या."

माझं एकच काम आहे. सातव्या लेव्हलचं काय करायचं ते मी बघेन, त्याबद्दल विचारू नका. पण बाबांच्या जागी मला इतकी वर्षं फक्त थांबाई दिसत होती. ती बाजूला झाली तर तिथे काहीच नाही. रिकामी जागा आहे. त्या दिवशी सकाळी बाबा काय बोलले, कसे होते, तेवढं लिहा. सजवून लिहू नका.

अभय

*

पाणकोंड
२२ नोव्हेंबर

अभय,

काल संध्याकाळच्या एसटीने आलो. समुद्रकाठच्या पहिल्या घरात गोदाबाई राहतात. ऐंशीच्या पुढे असतील. मला पाहून म्हणाल्या, "सीताराम, तू हायस व्हय अजून? आमाला वाटलं, पुन्यानं गिळला तुला." जेवायला वाढलं. मी म्हणालो, आधी बोलायचं आहे, गाव जमवा. त्या म्हणाल्या, "गाव कुठलं आता, सगळी पोरं मुंबईला. जमतील तेवढी जमवते."

आज सकाळी सात वाजता वाळूवर चौदा माणसं होती. मी पत्रात लिहिलं तेच सांगितलं, काही न गाळता. बोटांवर मोजलं ते, पोस्टात गेलो ते, अंगणात खोटं बोललो ते. एक जण मध्येच उठून गेला. दादाबरोबर होडीवर जायचा तो. बाकीचे शेवटपर्यंत बसून होते.

मग गोदाबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या कानफटात मारली. म्हाताऱ्या हाताची चापट ती, लागली नाही, पण आवाज मोठा झाला. "तुझ्या एका शबदावर आमी तिचं पान बंद केलं. बावीस वर्सं ती उपाशी धरून हाय समुद्र, आनि आमी तिला खुनी म्हनतोय!" मग त्यांनी कमरेच्या बटव्यातून एक पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. "जा. ठेवून ये. मी हाक देते."

मी खडकावर गेलो. पान ठेवलं. पाणी खरंच थांबलं होतं. कसला चमत्कार नाही, रोज थांबतं तसं. मला वाटलं होतं, ती रागावेल, पाय निसटेल, काहीतरी शिक्षा होईल. काही झालं नाही. त्याचीच मला लाज वाटली. मागून हाक आली, आणि मी परत फिरलो.

आता तू विचारलंस ते.

दादाच्या अंगात निळा सदरा होता, कोपरावर विरलेला. वहिनींनी आदल्या दिवशी ठिगळ लावून ठेवलं होतं. ते दुसऱ्या रंगाचं लावलं म्हणून तो त्यांना चिडवत होता. तो माझ्यावर रागावलेला होता. पुण्याची नोकरी त्याला पसंत नव्हती. वाटेत मला म्हणाला, "तिकडे जाऊन दुसऱ्याच्या चुका शोधणार म्हणे. इथे आपल्या काय कमी आहेत?" मी हसलो. तो हसला नाही. त्याचा राग पटकन जात नसे. तुझाही जात नाही, आणि जाऊ नये.

चरापाशी आल्यावर त्याने पायजमा गुडघ्यावर घेतला आणि वळून म्हणाला, "जायचं तर जा. पण अभयला पोहायला शिकवल्याशिवाय गाव सोडायचं नाहीस. मला वेळ होत नाही आणि तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकतो." मी म्हणालो, "शिकवतो." तो म्हणाला, "शब्द?" मी म्हणालो, "शब्द." मग तो गेला.

अभय, तुला मी पाढे शिकवले, सायकल शिकवली, इंग्रजीचं व्याकरण मला येत नव्हतं ते आधी स्वतः शिकून शिकवलं. पोहायला शिकवलं नाही. शाळेची सहल धरणावर गेली तेव्हा तुला ताप आहे असं लिहून दिलं. मुठेच्या पुलावरून जातानासुद्धा मी तुझं मनगट धरत असे, तू दहावीत होईपर्यंत. पाण्याजवळ तू असलास की मला पुढचं काही दिसत नसे. त्याच्या तोंडचं शेवटचं मागणं तेवढं होतं, आणि मी तेही पाळलं नाही.

डबा प्रेमाने भरत होतो की भीतीने, असं तू विचारलंस. मी बराच विचार केला. दोन्ही एकाच डब्यात असायचं. वेगळं काढता येत नाही.

वहिनींना सांग, त्यांनी सांगितलं ते केलं. दारात मी आपणहून येणार नाही.

सीताराम

*

वाघोली
१ डिसेंबर

काका,

पत्र मिळालं. ठिगळ पिवळं होतं, असं आई म्हणते.

आज गेम लाँच झाला. सहा लेव्हल आहेत. सातवी मी स्वतःच्या हाताने डिलीट केली आणि नम्रताला सांगितलं की तिच्यात न सुटणारा बग होता. तिचा माझ्यावर अजून विश्वास बसलेला नाही.

माझा राग गेलेला नाही. आईचाही नाही, पण ती म्हणते की तुम्ही गावाला गेलात हे तिने ऐकलं. एवढंच म्हणते. फोन करू नका. घरी येऊ नका.

रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या मागच्या तरणतलावाच्या फाटकापाशी या. टोपी लागते. टोपी नसेल तर आत सोडत नाहीत, आणि तिथल्या माणसाशी वाद घालू नका. मला पाण्यात उतरता येत नाही. तीन वेळा पैसे भरून नाव घातलं, तिन्ही वेळा पायरीवरून परत आलो. का, ते कोणाला सांगितलेलं नाही.

तासभर पाण्यात राहायचं. बोलायचं नाही. शिकवायचं.

अभय